गिट आणि जीसीसी सोर्सवरून बिल्ड करताना: आठ जीबीचा लॅपटॉप, गोव्याचा पावसाळा

सोर्सवरून, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ कोडवरून, एखादे टूल एकदा बिल्ड करणे (चालणारा प्रोग्राम बनवणे) फारसे अवघड नाही. तेच टूल सहा महिन्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा बिल्ड करता येणे आणि नको झाले की मागे काही न उरता काढून टाकता येणे, हे अवघड आहे. पुढची पद्धत याच हिशेबाने मांडली आहे. उदाहरणाला दोन टूल्स घेतली आहेत: लहानांत गिट (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारे), मोठ्यांत जीसीसी (सी, सी++ चा कंपायलर). मशीन धरली आहे ती फर्मागुडीच्या होस्टेलवर किंवा म्हापशातल्या छोट्या ऑफिसात सर्रास दिसते तशी: चार कोअर, आठ जीबी रॅम, डेबियन १२ लिनक्स.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टंकायच्या. डॅश, बरोबरचे चिन्ह आणि स्लॅश जिथे दाखवले आहेत तिथेच.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: बिल्ड करायची खरोखर गरज आहे का? डेबियन १२ मध्ये गिट २.३९ आणि जीसीसी १२.२ तयार मिळतात, आणि त्यांचे सुरक्षा अपडेट एपीटीमधून, म्हणजे डेबियनच्या पॅकेज व्यवस्थेतून, येतात. नव्या आवृत्तीतली सोय हवी असेल, एखादी दुरुस्ती अजून पॅकेजात आली नसेल किंवा टूलच्या कोडमध्येच हात घालायचा असेल, तर सोर्सकडे वळा. नुसत्या हौसेखातर रोजच्या वापराचे टूल बदलले, तर त्याच्या सुरक्षेची जबाबदारी कायमची तुमच्यावर येते.

सोर्स आणणे

गिटच्या २.४७.० आवृत्तीचा दाबलेला टारबॉल (सगळा सोर्स बांधलेली एकच फाइल) सात-आठ एमबीचा आहे, जीसीसी १४.२ चा सुमारे ९० एमबीचा. जीसीसीची पूर्ण गिट रिपॉझिटरी (सगळ्या इतिहासासह कोड) मात्र त्याच्या कित्येक पट मोठी आहे. सत्तरी-सांग्याच्या आतल्या गावात मोबाइलच्या नेटवर्कवर ती क्लोन करायला बसलात आणि मध्येच लाइन तुटली, तर सगळे पहिल्यापासून. गिट क्लोन अर्धवट राहिलेले डाउनलोड पुढे चालू करत नाही. टारबॉल मात्र ‘डब्ल्यूगेट -सी’ ने तुटला तिथूनच पुढे येतो. इतिहास नको असेल तर ‘गिट क्लोन --डेप्थ १’ पुरते.

इतिहास हवाच असेल तर बंडल वापरा. चांगली लाइन असलेल्या ठिकाणी, कॉलेजच्या लॅबमध्ये वगैरे, कोणी एकाने क्लोन करायचे आणि त्या फोल्डरमध्ये ही कमांड द्यायची:

गिट बंडल क्रिएट जीसीसी.बंडल --ऑल

ही एक फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि घरी तिच्यावरूनच गिट क्लोन करा. नंतर ‘गिट रिमोट सेट-यूआरएल’ ने ओरिजिन मूळ पत्त्याकडे वळवा. पुढच्या वेळी ‘गिट फेच’ फक्त मधला फरक आणेल. एका बंडलवर अख्ख्या वर्गाचे काम होते.

सही तपासणे

टारबॉल खरोखर प्रकल्पाकडूनच आला आहे का, हे डिजिटल सहीवरून तपासण्याची ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. कर्नल.ऑर्गवर गिटच्या टारबॉलशेजारी ‘.टार.साइन’ फाइल असते. ती सही आतल्या उघड्या टारवर केलेली असते, एक्सझेड या टूलने दाबलेल्या फाइलवर नाही. म्हणून आधी ‘अनएक्सझेड’ चालवायचे आणि मग ‘जीपीजी --व्हेरिफाय’. दाबलेल्या फाइलवर तपासली तर ‘बॅड सिग्नेचर’ दिसते आणि माणूस उगाच घाबरतो. जीसीसीची ‘.सिग’ फाइल मात्र थेट दाबलेल्या टारबॉलचीच असते.

‘गुड सिग्नेचर’ च्या खाली ‘ही की विश्वासार्ह सहीने प्रमाणित नाही’ अशा अर्थाचा इशारा येतो. याचा अर्थ सही जुळली, पण ‘की’ (सही तपासायची डिजिटल किल्ली) खरीच त्या माणसाची आहे हे तुम्ही अजून ठरवलेले नाही. कीचा फिंगरप्रिंट दुसऱ्या जागेवरून ताडून पाहा.

सही जुळली म्हणजे सगळे झाले असेही नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचे दार (घुसखोरीसाठी लपवलेली वाट) सापडले. त्या टारबॉलवर सही होती, कारण दार बसवणाराच प्रकल्पाचा मेंटेनर झाला होता. ते दार उघडणारी बिल्ड-टू-होस्ट.एम४ ही फाइल टारबॉलमध्ये होती, गिट रिपॉझिटरीत नव्हती. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने ते हुडकले. तेव्हापासून शक्य तिथे सही असलेला गिट टॅग (रिपॉझिटरीतली आवृत्तीची खूण) घ्यावा, तो ‘गिट व्हेरिफाय-टॅग’ ने तपासावा आणि कॉन्फिगर स्क्रिप्ट (मशीन तपासून बिल्डची तयारी करणारी) आपल्याच मशीनवर तयार करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गिट: कुठे बसवायचे, काय लागते

कुठलेही टूल /यूएसआर मध्ये बसवू नका, ती एपीटीची जागा. /यूएसआर/लोकल मध्ये सगळ्यांची सरमिसळ होते आणि वर्षाने कुठली फाइल कोणाची ते कळत नाही. प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र फोल्डर द्या: /ऑप्ट/गिट-२.४७.०. हा फोल्डर एकदाच सुडोने (रूटच्या, म्हणजे मशीनच्या प्रमुख यूझरच्या, अधिकाराने) बनवा आणि ‘चोन’ ने आपल्या नावावर करा. मग ‘मेक इन्स्टॉल’ ला (मेक म्हणजे बिल्ड चालवणारे टूल) सुडो लागत नाही, कोणाच्याही बिल्ड स्क्रिप्टला रूटचे अधिकार मिळत नाहीत आणि बिल्डच्या फोल्डरात रूटच्या मालकीच्या फाइली राहून पुढच्या वेळी ‘परमिशन डिनाइड’ येत नाही.

सोर्सच्या पाथमध्ये स्पेस नको. फोल्डरचे नाव देवनागरीत असले तर बहुतेक वेळा चालते, पण ‘माझे काम’ असे दोन शब्द असतील तर मेक त्यांना दोन वेगळ्या फाइली समजतो.

गिटसाठी पॅकेजे लागतात ती अशी: बिल्ड-एसेन्शियल, झेडलिब१जी-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह, लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह, लिबएक्सपॅट१-डेव्ह आणि गेटटेक्स्ट. टॅगवरून बिल्ड करणार असाल तर ऑटोकॉन्फही. नावातला ‘डेव्ह’ महत्त्वाचा. लायब्ररी मशीनवर असते, तिच्या हेडर फाइली नसतात, आणि त्या या पॅकेजांतून येतात. मग:

मेक कॉन्फिगर
./कॉन्फिगर --प्रिफिक्स=/ऑप्ट/गिट-२.४७.०
मेक -जे४ ऑल
मेक टेस्ट
मेक इन्स्टॉल

पहिली ओळ टॅगवरून घेतलेल्या सोर्ससाठी. टारबॉलमध्ये कॉन्फिगर तयारच असते. प्रिफिक्स, म्हणजे टूल कुठे बसवायचे तो फोल्डर, द्यायला विसरू नका. कॉन्फिगर न चालवता नुसते मेक इन्स्टॉल केले, तर गिट तुमच्या होम फोल्डरात जाऊन बसते.

इथे एक फसवी गोष्ट घडते. लिबकर्लचे डेव्ह पॅकेज नसेल तर गिटचे कॉन्फिगर थांबत नाही, ‘कर्ल नाही’ अशी नोंद करून गुपचूप पुढे जाते. बिल्ड यशस्वी होते, इन्स्टॉलही होते. मग पहिलाच क्लोन करताना ‘अनेबल टू फाइंड रिमोट हेल्पर फॉर एचटीटीपीएस’ असा निरोप येतो आणि माणूस नेटवर्क, प्रॉक्सी, राउटर सगळे तपासत बसतो. दोष नेटचा नसतो, एचटीटीपीएसचा भाग बिल्डच झालेला नसतो. म्हणून कॉन्फिगर संपले की त्याचे आउटपुट वरून खाली वाचा. ‘नो’ जिथे जिथे आले असेल तिथे तो भाग तुम्हाला हवा आहे का ते ठरवा. हवा असेल तर पॅकेज घाला, कॉन्फिगर पुन्हा चालवा आणि ‘मेक क्लीन’ करून परत बिल्ड करा.

‘एमएसजीएफएमटी: नॉट फाउंड’ आले तर गेटटेक्स्ट राहिले आहे. मॅन पाने बनवायला ॲस्किडॉक आणि एक्सएमएलटूचा मोठा पसारा लागतो. तो आणण्यापेक्षा कर्नल.ऑर्गवरून त्याच आवृत्तीचा गिट-मॅनपेजेस टारबॉल घ्या आणि प्रिफिक्सच्या आत शेअर/मॅन मध्ये उघडा.

चाचण्या साध्या यूझरनेच चालवा. रूट असाल तर परवानगीशी संबंधित काही चाचण्या वगळल्या जातात.

बसवून झाल्यावर एक लिंक करा:

एलएन -एसएफएन /ऑप्ट/गिट-२.४७.० /ऑप्ट/गिट

आणि /ऑप्ट/गिट/बिन हे पाथ या चलामध्ये (शेल कमांडी शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) सगळ्यात पुढे घाला. त्या कमांडमधला ‘एन’ गाळू नका. तो नसेल तर पुढच्या आवृत्तीच्या वेळी नवी लिंक जुन्या फोल्डरच्या आत तयार होते आणि तुम्ही जुनेच गिट वापरत राहता. लिंक असल्याने आवृत्ती बदलणे एका कमांडचे काम होते, आणि बिनसले तर मागे येणेही.

लिंकनंतरही जुनीच आवृत्ती दिसते? बॅश कमांडचा जुना पाथ लक्षात ठेवते. ‘हॅश -आर’ द्या, मग ‘टाइप -ए गिट’ ने कुठले गिट आधी सापडते ते पाहा. ‘गिट व्हर्जन --बिल्ड-ऑप्शन्स’ ही माहितीही जपून ठेवण्यासारखी आहे.

मराठी-कोंकणीत फाइलींना नावे देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी. ‘फोंडा’ नावाची फाइल बनवून ‘गिट स्टेटस’ द्या. नावाच्या जागी \३४०\२४४\२५३\३४०\२४५\२१३ अशी आकड्यांची माळ दिसेल. बिल्ड बिघडलेली नाही. अॅस्कीबाहेरची अक्षरे गिट मुळातच अशी दाखवते, आणि फ आणि ओकाराचे यूटीएफ-८ बाइट अष्टमान पद्धतीत हेच आहेत. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ दिले की फोंडा फोंड्यासारखे दिसते.

कॉन्फिगर अडले, मेक अडले

कॉन्फिगर अडले की कॉन्फिग.लॉग उघडा, पण शेवटची पाने वाचत बसू नका. तिथे चलांची लांबलचक यादी असते. ‘कॅश व्हेरिएबल्स’ हे शब्द शोधा आणि त्यांच्या लगेच वर पाहा. कॉन्फिगरने चाचणीसाठी लिहिलेला छोटा सी प्रोग्राम आणि कंपायलरची खरी तक्रार तिथे सापडते.

‘मेक -जे४’ मध्ये चार कामे एकदम चालतात, त्यामुळे पहिली चूक पडद्यावरून केव्हाच वर गेलेली असते. शेवटची ‘एरर २’ वाचून काही कळत नाही. पुन्हा नुसते ‘मेक’ द्या, तो थेट चुकीपाशी थांबेल. लॉग फाइलमध्ये ठेवायला ‘टी’ वापरत असाल तर आधी ‘सेट -ओ पाइपफेल’ द्या, नाहीतर मेक अपयशी होऊनही शेलला सगळे ठीक वाटते. ‘एलसी_ऑल=सी’ ठेवून बिल्ड करा, म्हणजे चुकीचे निरोप मूळ इंग्रजीत येतात आणि शोधायला सोपे जातात.

‘-जे’ पुढे आकडा नक्की द्या. आकडा नसेल तर मेक जमतील तेवढी कामे एकदम सुरू करतो आणि आठ जीबीची मशीन गोठते.

जीसीसी

जीसीसी कधीही सोर्सच्या फोल्डरात बिल्ड करू नका, शेजारी वेगळा फोल्डर करा. आधी सोर्समध्ये जाऊन ‘./कॉन्ट्रिब/डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स’ चालवा. ती स्क्रिप्ट जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी आणि आयएसएल या लायब्ररींच्या योग्य आवृत्त्या आणून जागेवर ठेवते. हाताने वेगवेगळ्या जागांहून त्या गोळा करणाऱ्यांचेच बहुतेक बिल्ड अडतात. नेट लागते ते एवढ्यापुरते, नंतर राउटर बंद असला तरी चालते. १५ जीबी जागा मोकळी ठेवा. मग वेगळ्या फोल्डरातून:

../जीसीसी-१४.२.०/कॉन्फिगर --प्रिफिक्स=/ऑप्ट/जीसीसी-१४.२ --एनेबल-लँग्वेजेस=सी,सी++ --डिसेबल-मल्टिलिब
मेक -जे४
मेक इन्स्टॉल

मल्टिलिब (६४-बिटबरोबर ३२-बिटसाठीही बिल्ड करणे) बंद केले नाही तर ३२-बिट लायब्ररी नाहीत म्हणून ते अडते. गंमत अशी की हे कळते कधी कधी बऱ्याच उशिरा.

साधे मेक तीन फेऱ्या करते, यालाच बूटस्ट्रॅप म्हणतात. जुन्या कंपायलरने नवा, त्या नव्याने पुन्हा तोच, आणि त्याने तिसऱ्यांदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले ‘.ओ’ तुकडे) शेवटी ताडून पाहिल्या जातात. जुळल्या नाहीत तर ‘बूटस्ट्रॅप कंपॅरिझन फेल्युअर’. चार कोअरवर याला दोन-तीन तास सहज जातात. नुसता प्रयोग करायचा असेल तर ‘--डिसेबल-बूटस्ट्रॅप’ ने वेळ बराच वाचतो. ज्या कंपायलरवर रोजचे काम टाकायचे आहे त्याला मात्र तिन्ही फेऱ्या द्याव्यात. सीकॅश (एकदा कंपाइल केलेले साठवून पुन्हा वापरणारे टूल) इथे पहिल्या फेरीपुरताच उपयोगी, कारण पुढच्या फेऱ्यांत कंपायलरच बदललेला असतो.

बिल्ड मध्येच मरते तेव्हा कारण निरोपातूनच ओळखता येते. ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस’ म्हणजे रॅम संपली. ‘डीमेसेज’ मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ दिसेल. ‘-जे२’ वर या, किंवा रॅमला जोड म्हणून डिस्कवर आठ जीबीची स्वॅप फाइल करा (परवानगी ६००, मग एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन). ‘इंटर्नल कंपायलर एरर’ दर वेळी त्याच फाइलच्या त्याच ओळीवर येत असेल तर तो कोडमधला दोष. दर वेळी वेगळ्या जागी येत असेल तर कोडकडे पाहू नका, रॅम किंवा उष्णता पाहा. एप्रिल-मेच्या दमट दुपारी, पंख्याच्या जाळीत धूळ बसलेला लॅपटॉप पलंगावरच्या गादीवर ठेवून तीन तास बिल्ड केला की हे होते. पंखा साफ करा, टेबलावर ठेवा, रात्री चालवा. तरीही आले तर रॅम तपासणारे मेमटेस्ट८६+ रात्रभर लावा.

एलएलव्हीएम हा दुसरा कंपायलर प्रकल्प बिल्ड करणाऱ्यांची रॅम लिंकिंगच्या (ऑब्जेक्ट फाइली जोडण्याच्या) वेळी संपते. तिथे एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्स=१ द्या, बिल्ड टाइप रिलीज ठेवा, टार्गेट फक्त एक्स८६ घ्या. डीबग बिल्डला आठ जीबीच्या मशीनवर हात घालू नये.

वीज गेल्यावर

मृग लागला की वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. कंट्रोल-सीने थांबवले तर मेक अर्धवट फाइल स्वतः पुसतो. वीज गेली तर पुसायला तो उरतच नाही. डिस्कवर शून्य बाइटची ‘.ओ’ फाइल राहते, तिची वेळ मात्र नवी असते, म्हणून मेक तिला झालेली समजून पुढे जातो. मग तासाभराने लिंकर ‘फाइल ट्रंकेटेड’ किंवा ‘फाइल फॉर्मॅट नॉट रेकग्नाइझ्ड’ म्हणतो. उपाय बिल्डच्या फोल्डरात:

फाइंड . -नेम '*.ओ' -साइझ ० -डिलीट

आणि पुन्हा मेक. ‘मिसिंग सेपरेटर’ आले तर अवलंबित्वाची ‘.डी’ किंवा ‘.पीओ’ फाइल बिघडली आहे. ती आणि तिची ऑब्जेक्ट फाइल पुसा. शंका उरली तर बिल्डचा अख्खा फोल्डर टाकून द्या. सोर्स वेगळा ठेवल्यामुळे त्याला धक्का लागत नाही.

इन्व्हर्टर नसेल तर लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरल्यावरच सुरुवात करा. झाकण मिटले तरी मशीन झोपू नये म्हणून ‘सिस्टिमडी-इनहिबिट --व्हॉट=हँडल-लिड-स्विच’ खाली मेक चालवा, आणि एसएसएचवरून काम करत असाल तर टीमक्समध्ये (लाइन तुटली तरी सत्र चालू ठेवणारे टूल). राउटर बंद पडला तरी बिल्ड चालू राहते. ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ दिसले तर घड्याळ मागे गेले आहे. जुन्या डेस्कटॉपमध्ये बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपल्यावर असे होते. घड्याळ दुरुस्त करून क्लीन बिल्ड करा.

नव्या लायब्ररीचा गोंधळ

जीसीसी १४ ने सी++ प्रोग्राम बांधला, चालवला, आणि ‘जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३२ नॉट फाउंड’ आले. डेबियन १२ ची लिबएसटीडीसी++ (सी++ ची मूळ लायब्ररी) ३.४.३० पर्यंतच जाते. प्रोग्राम नव्या लायब्ररीवर लिंक झाला, पण चालताना सिस्टिमची जुनी उचलतो. लिंक करताना ‘-डब्ल्यूएल,-आरपाथ,/ऑप्ट/जीसीसी-१४.२/लिब६४’ द्या, म्हणजे लायब्ररीचा पत्ता प्रोग्राममध्येच (रनपाथमध्ये) नोंदला जातो. एलडी_लायब्ररी_पाथ कायमचा सेट करू नका, मशीनवरचे बाकीचे प्रोग्रामही मग ती लायब्ररी उचलू लागतात. आणि जीलिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम वापरतात ती सी लायब्ररी) हा अपवाद पक्का लक्षात ठेवा. सिस्टिमच्या जीलिबसीवर स्वतः बिल्ड केलेली कधीही बसवू नका. ‘एलएस’ सुद्धा चालेनासा होतो.

पुढची देखभाल

प्रत्येक आवृत्तीच्या फोल्डरात एक साधी नोंद ठेवा: टॅग आणि कमिटचा हॅश, सही तपासल्याची तारीख, घातलेली पॅकेजे, पूर्ण कॉन्फिगरची ओळ. ओळ विसरलात तर जीसीसी ‘-व्ही’ ने स्वतःच सांगते, ऑटोकॉन्फच्या प्रकल्पांत ‘./कॉन्फिग.स्टेटस --कॉन्फिग’.

प्रकल्पाच्या घोषणांच्या यादीत नाव घाला. मे २०२४ मध्ये सबमॉड्यूलसह (आत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरीसह) क्लोन करताना परका कोड चालण्याचा दोष गिट २.४५.१ ने बुजवला. लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक न करणाऱ्या फाइल सिस्टिमवर तो लागू होता. एपीटीवाल्यांना अशी दुरुस्ती अपडेटमधून मिळते. /ऑप्टमधले गिट कोणी बदलून देत नाही.

स्वतःचे बदल असतील तर ते स्वतंत्र ब्रँचवर ठेवा आणि नव्या टॅगवर रिबेस करा (त्यावर पुन्हा लावा), ‘रेरेरे’ ही गिटची सोय चालू असेल तर तीच भांडणे पुन्हा सोडवावी लागत नाहीत. नवी आवृत्ती बिघडली तर दोषी कमिट अर्ध्या-अर्ध्याने शोधणाऱ्या ‘गिट बायसेक्ट रन’ ला बिल्ड आणि चाचणी करणारी स्क्रिप्ट द्या. बिल्डच होत नसेल तेव्हा स्क्रिप्टने १२५ परत करावे, म्हणजे तो कमिट वगळला जातो. हजार कमिटांत दोषी सापडायला साधारण दहा बिल्ड पुरतात. बदल मूळ प्रकल्पाला द्यायचा तर गिट आणि जीसीसी दोन्हीकडे पॅच ईमेलने जातात, साइन्ड-ऑफ-बाय ओळीसह. जीसीसीने २०२१ मध्ये एफएसएफला (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला) कॉपीराइट लिहून देण्याची सक्ती काढली, त्यामुळे विद्यार्थ्याचा पॅचही कागदपत्रांवाचून जाऊ शकतो.

मागची एक आवृत्ती ठेवा, त्याआधीच्या पुसा. जीसीसीचा जुना फोल्डर पुसण्याआधी आपल्या बायनरींवर ‘रीडएल्फ -डी’ चालवून रनपाथमध्ये तो फोल्डर आलेला नाही ना ते पाहा. आला असेल तर त्या बायनरी आधी नव्या कंपायलरने बांधून घ्या.